संयुक्त वनव्यवस्थापन

शासनाचे वनखाते आणि वनालगतच्या गावांतील रहिवासी यांनी परस्परांत ठरलेल्या अटींनुसार, ऱ्हास पावलेल्या वनांचे एकत्रितपणे केलेले संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन. या पद्धतीत वनजमिनीची मालकी शासनाकडेच राहते. गावकरी वनाची राखण करतात, चराई व तोड यांवर स्वतःहून निर्बंध घालतात आणि त्याबद्दल त्यांना सरपण, गवत, पाने, फळे, बिया यांसारखे वनोपज तसेच लाकडाच्या विक्रीतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठराविक वाटा मिळतो. भारतात या पद्धतीचा आरंभ १९७० नंतरच्या दशकात पश्चिम बंगालमधील आराबारी व हरियाणातील सुखोमाजरी येथील प्रयोगांपासून झाला, असे सामान्यतः मानले जाते. १९९० मध्ये केंद्र शासनाने तिला मान्यता दिल्यावर ती देशभर पसरली. वनाची राखण ज्यांच्याकडून वनाला उपद्रव होतो असे समजले जाई त्यांच्याकडेच सोपविणे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अमलापूर्वी गावालगतच्या वनाचा उपयोग बहुतेक ठिकाणी स्थानिक रूढीनुसार होत असे. महाराष्ट्रातील देवराया, गायराने व निस्ताराचे हक्क ही अशा रूढींची उदाहरणे होत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेमार्गांचे स्लीपर व जहाजबांधणी यांसाठी इमारती लाकडाची मागणी वाढली आणि १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाच्या अधिपत्याखाली शासकीय वनखाते स्थापन झाले. १८६५ चा पहिला वन अधिनियम अपुरा वाटल्याने १८७८ मध्ये दुसरा करण्यात आला. त्याच्या तयारीच्या वेळी अधिकाऱ्यांमध्ये तीव्र मतभेद होते. ज्या जमिनीवरील हक्क शासनाने स्पष्टपणे बहाल केलेला नाही ती सर्व शासनाची, असे बेडन-पॉवेल यांचे म्हणणे होते. उलट गावांचे रूढ हक्क मान्य करून त्यांच्यासाठी स्वतंत्र ग्रामवने राखावीत, असे ब्रँडिस यांचे मत होते. मद्रास सरकारनेही गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क हिरावून घेण्यास विरोध दर्शविला. अखेर राखीव, संरक्षित व ग्राम असे वनांचे तीन वर्ग अधिनियमात आले. परंतु तिसऱ्या वर्गाची तरतूद बव्हंशी कागदावरच राहिली. हीच तरतूद १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम २८ म्हणून कायम झाली.

या धोरणाचे पडसाद महाराष्ट्रात लवकर उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात वनखात्याने गायराने व डोंगरकुरणे ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्यांच्या गुराढोरांची होणारी उपासमार मांडली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे मुंबई सरकारला १८८५ मध्ये वनविषयक चौकशी आयोग नेमावा लागला. गावकऱ्याच्या दृष्टीने वन हे आता ‘सरकारी’ झाले होते. त्याची राखण करण्यात त्याला हित उरले नव्हते आणि त्यातून जे मिळेल ते संधी साधून आणणे एवढाच संबंध शिल्लक राहिला होता.

कुमाऊँच्या वनपंचायती : लोकांच्या हाती वनाचा कारभार देण्याचा पहिला मोठा शासकीय प्रयत्न हिमालयातील कुमाऊँ प्रदेशात झाला. १८९३ मध्ये तेथील सर्व बिनमोजणीची जमीन संरक्षित वन म्हणून जाहीर करण्यात आली व १९११ ते १९१७ या काळात तिचा मोठा भाग राखीव झाला. चराई, पालातोड व गवतासाठी लावली जाणारी आग यांवर बंधने आली. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वर येथील उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी वेठबिगार नाकारली व तिच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडविल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात राखीव चीडवनांना ठिकठिकाणी आगी लावण्यात आल्या. परिणामी नेमलेल्या गाऱ्हाणी समितीच्या शिफारशीवरून व्यापारी दृष्ट्या कमी महत्त्वाची वने वनखात्याकडून काढून महसूल खात्याकडे देण्यात आली आणि १९३१ च्या नियमांनुसार गावकऱ्यांना वनपंचायत स्थापून वनाचा कारभार पाहण्याची मुभा मिळाली. पंचांची निवड गावकरी करीत. पंचायत पहारेकरी नेमी, गवत व पाला तोडण्याचे दिवस ठरवी आणि दंड वसूल करी. उत्तराखंड राज्यात अशा सु. १२,००० वनपंचायतींची नोंद झाली. १९७६ व नंतरच्या नियमांनी त्यांच्यावरील शासकीय नियंत्रण वाढत गेले. तरीही सामान्य गावकरी दीर्घकाळ वन राखू शकतात, याचा तो एक सबळ पुरावा ठरला.

स्वातंत्र्योत्तर धोरण : १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वन असावे असे उद्दिष्ट ठेवले. परंतु गाव वनालगत असल्यामुळे त्या गावाला राष्ट्रीय गरजांपेक्षा वरचढ हक्क मिळत नाही, अशी भूमिकाही त्यात होती. याच सुमारास जमीनदारी नष्ट झाली. खाजगी वने शासनाकडे जाणार हे दिसताच अनेक जमीनदारांनी ती तोडून विकली व शासनाच्या हाती ओरबाडलेली वने आली. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. गावांनी आपल्या गरजा पडीक जमिनींवर लावलेल्या झाडांतून भागवाव्यात व राखीव वने उद्योगधंद्यांसाठी मोकळी राहावीत, असा त्यामागे हेतू होता. प्रत्यक्षात निलगिरीसारखी जलद वाढणारी व बाजारात खपणारी झाडेच शेतांतून अधिक लागली आणि गावाच्या सरपणाचा व चाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला. दरम्यान १९७३ मध्ये गढवालमध्ये सुरू झालेल्या चिपको आंदोलनाने वन व स्थानिक उपजीविका यांचा संबंध देशापुढे ठळकपणे मांडला.

आराबारीचा प्रयोग : पश्चिम बंगालच्या नैर्ऋत्य भागातील मिदनापूर, बांकुरा व पुरुलिया या जिल्ह्यांत लाल जांभ्या मातीवर साल (शाल) वृक्षाची वने आहेत. ती पूर्वी जमीनदारांच्या ताब्यात होती. रेल्वेमार्ग आल्यावर त्यांची तोड वाढली आणि १९५३ च्या जमीनदारी संपादन अधिनियमानंतर ती वनखात्याकडे आली, तेव्हा अनेक ठिकाणी जमिनीलगतचे खुंट व झुडपे एवढेच शिल्लक होते. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे, विशेषतः संथाळ व लोधा या जमातींतील, मोळ्या बांधून बाजारात विकत व त्यावर पोट भरीत. पहारेकरी व गावकरी यांच्यात नित्य चकमकी होत.

मिदनापूर जिल्ह्यातील आराबारी येथे वनखात्याची वनवर्धन संशोधनाची क्षेत्रे होती. १९७२ च्या सुमारास तेथील अधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांच्या असे लक्षात आले, की लावलेली रोपे गुरे खातात व सरपणासाठी तोडली जातात, तोवर कोणतेही संशोधन निरर्थक आहे. त्यांनी आसपासच्या गावांत बैठका घेतल्या आणि प्रत्येक कुटुंबाला चोरट्या मोळीविक्रीतून किती मिळकत होते याचा अंदाज घेतला. तेवढी मिळकत वनातूनच, पण वन न तोडता, मिळवून द्यावयाची अशी योजना त्यांनी पुढे मांडली. वृक्षलागवड व निगराणी यांची मजुरी याच गावांतील लोकांना, तीही शेतीची कामे नसतील अशा महिन्यांत मिळावी. सरपण व गौण वनोपज नेण्यास मोकळीक असावी आणि लाकूड विक्रीस तयार होईल तेव्हा उत्पन्नाचा चौथा हिस्सा गावकऱ्यांना द्यावा, असे तोंडी ठरले. त्याबदल्यात गावकऱ्यांनी चराई व तोड थांबवावयाची होती. ११ गावांतील ६१८ कुटुंबे व सु. १,२७० हेक्टर वनक्षेत्र या योजनेत होते.

या यशामागे सालवृक्षाचा एक नैसर्गिक गुण होता. साल तोडला तरी त्याची मुळे जिवंत राहतात आणि खुंटापासून जोमदार धुमारे फुटतात. गुरांचे तोंड व कोयता यांपासून ते काही वर्षे वाचविले, तर रोपे न लावताही वन उभे राहते. एका खुंटावरील धुमाऱ्यांपैकी चांगले राखून बाकीचे विरळणीत काढले, की सरपण मिळते व उरलेल्यांची वाढ चांगली होते. राखणीला लागलीच सुरुवात झाली आणि दहा वर्षांच्या आत उजाड माळावर दाट सालवन उभे राहिले. पत्रावळींसाठी पाने, तेलासाठी बिया, मोहाची फुले, औषधी मुळे व पावसाळ्यात उगवणारी अळिंबी यांचे उत्पन्न लाकडाच्या कितीतरी आधी सुरू झाले. हा खर्च न लागणारा लाभ गरीब कुटुंबांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हाती आला.

तथापि या कराराला दीर्घकाळ कायद्याचा आधार नव्हता. उत्पन्नाच्या वाटपाचे वचन एका अधिकाऱ्याने दिलेले होते. त्याची बदली झाल्यावर ते पाळले जाईल याची शाश्वती नव्हती. आराबारीपुरता २५ टक्के वाट्याचा शासकीय आदेश १९८७ मध्ये निघाला आणि १९८९ मध्ये नैर्ऋत्य बंगालच्या इतर जिल्ह्यांनाही ही व्यवस्था लागू झाली. म्हणजे वचन दिल्यापासून त्याला मान्यता मिळेपर्यंत सु. १५ वर्षे गेली आणि तेवढा काळ गावकऱ्यांनी केवळ विश्वासावर वन राखले. आदेश निघाल्यानंतर थोड्याच काळात या भागात हजाराहून अधिक वनसंरक्षण समित्या स्थापन झाल्या. त्यांपैकी काही गावांनी आदेशापूर्वीच, शेजारच्या गावाचे पाहून, आपापली वने राखण्यास प्रारंभ केला होता.

सुखोमाजरी : शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, सध्याच्या पंचकुला जिल्ह्यात हे लहानसे गाव आहे. चंडीगढ येथील सुखना हा कृत्रिम तलाव १९५८ मध्ये बांधला गेला व काही वर्षांतच गाळाने भरू लागला. पाणलोट क्षेत्रातील टेकड्या चराईमुळे उघड्या पडून त्यांची माती वाहून येत असल्याचे आढळले. मृद् व जलसंधारण संशोधन केंद्रातील पी. आर. मिश्रा यांनी तेथे काम सुरू केले व १९७६ मध्ये पहिला मातीचा बंधारा बांधला गेला. गावकऱ्यांना पाणी मिळाल्यावरच ते टेकडीवरील चराई थांबवतील, हे लवकरच स्पष्ट झाले. पाणी फक्त जमीनधारकांना मिळाल्यास भूमिहीन आपल्या शेळ्या टेकडीवर नेणे थांबविणार नाहीत, म्हणून भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा देण्यात आला. ज्याला त्याची गरज नसेल त्याने तो दुसऱ्यास विकावा, अशी सोय होती. चराईबंदीसाठी तारेचे कुंपण किंवा पहारेकरी लागले नाहीत. या परस्परसंमतीने पाळल्या जाणाऱ्या निर्बंधाला ‘सामाजिक कुंपण’ असे नाव पडले. शेळ्यांची जागा गोठ्यात बांधलेल्या म्हशींनी घेतली. टेकड्यांवर वाढलेले भाबर गवत, जे दोर वळण्यासाठी व कागदासाठी वापरतात, कापण्याचा ठेका वनखात्याने पुढे गावाच्या संस्थेलाच दिला. लाभाची समान वाटणी ही केवळ न्यायाची बाब नसून संरक्षणाची पूर्वअट आहे, हा सुखोमाजरीचा धडा होय.

राष्ट्रीय मान्यता व कार्यपद्धती : ओरिसातील (ओडिशातील) अनेक गावे कोणत्याही शासकीय योजनेविना आपली वने राखत होती. १९८८ मध्ये त्या राज्याने यासंबंधी ठराव केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या नव्या राष्ट्रीय वनधोरणाने पर्यावरणीय समतोल व वनवासी जनतेच्या गरजा यांना महसुलापेक्षा अग्रक्रम दिला. १ जून १९९० रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने राज्यांना परिपत्रक पाठवून ऱ्हास पावलेल्या वनांच्या पुनरुज्जीवनात ग्रामसमूह व स्वयंसेवी संस्था यांना सहभागी करून घेण्यास सांगितले. लाभ केवळ संघटित ग्रामसमूहांनाच मिळावा. जमिनीची मालकी किंवा भाडेपट्टा कोणासही देऊ नये. क्षेत्रात चराई व शेती होऊ नये आणि अटी मोडल्यास लाभ काढून घेता यावा, अशी त्याची मुख्य कलमे होती.

राज्यपरत्वे तपशील वेगळे असले, तरी समितीची रचना स्थूलमानाने सारखीच असते. गावातील प्रौढ रहिवाशांची सर्वसाधारण सभा एक कार्यकारी समिती निवडते व वनखात्याचा कर्मचारी बहुधा तिचा सचिव असतो. गाव व वनखाते मिळून क्षेत्राचा सूक्ष्म आराखडा तयार करतात. राखण आळीपाळीने घरटी एका माणसाने करावी किंवा वर्गणी काढून राखणदार नेमावा, हे गाव ठरवते. प्रारंभी प्रत्येक कुटुंबातील एकालाच सभासदत्व असल्यामुळे स्त्रिया आपोआप वगळल्या गेल्या. पश्चिम बंगालने पुढे पती-पत्नींना संयुक्त सभासद केले. २००० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी सभेत निम्म्या व समितीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना असाव्यात असे सुचविले, तसेच ही पद्धत चांगल्या स्थितीतील वनांनाही लागू करण्यास वाव दिला. २०१० च्या सुमारास देशातील समित्यांची संख्या एक लाखाहून अधिक व त्यांच्याकडील क्षेत्र दोन कोटी हेक्टरांहून अधिक झाले होते.

महाराष्ट्रातील वाटचाल : महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचा ठराव केला. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या वनप्रकल्पातून समित्यांना निधी मिळू लागला. २००३ मध्ये सुधारित ठराव झाला व पुढे उत्तम काम करणाऱ्या समित्यांसाठी संत तुकाराम वनग्राम योजनेखाली पुरस्कार ठेवण्यात आले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने १९९० नंतरच्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सु. ४४५ हेक्टर वन राखले. तोड करणाऱ्यास दंड, पाहणाऱ्यास बक्षीस, वृद्ध राखणदारांची नेमणूक असे गावाचे नियम होते. वन वाढले तसे विहिरींचे पाणी वाढले व हंगामी स्थलांतर कमी झाले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने याहून वेगळा मार्ग धरला. तेथील वनावर लोकांचे निस्ताराचे हक्क होते. जमीनदारी संपल्यावर ते क्षीण झाले व बांबू कागद कारखान्यास दीर्घ मुदतीच्या कराराने दिला गेला. इंचमपल्ली व भोपाळपट्टणम् या प्रस्तावित धरणांविरुद्धच्या १९८० नंतरच्या आंदोलनातून गावात विचारमंथन सुरू झाले. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रेरणेने अभ्यासगट निघाले आणि ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची प्रथा पडली. संयुक्त वनव्यवस्थापन ऱ्हास पावलेल्या वनांपुरते असताना या गावाने आपल्या उभ्या नैसर्गिक वनाचा त्यात समावेश करवून घेतला. तथापि वनखात्याच्या अनुमतीने मिळालेला सहभाग आणि कायद्याने मिळालेला हक्क यांतील अंतर गावाला सतत जाणवत राहिले.

वनहक्क अधिनियमानंतर : हे अंतर २००६ च्या वनहक्क अधिनियमाने बरेचसे भरून काढले. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्यावर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे या अधिनियमाने मान्य केले आणि गावाने परंपरेने राखलेल्या सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. २००९ मध्ये मेंढा (लेखा) व मर्दा या गावांना असे सामूहिक हक्क मिळाले. देशातील अशा प्रकारच्या अगदी पहिल्या हक्कपत्रांत त्यांची गणना होते. मेंढ्याचे क्षेत्र सु. १,८०० हेक्टर आहे. तरीही तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागे व तो वनखात्याच्याच हाती होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. त्यानंतर मजुरीचे दर, तोडीची जागा, लिलाव व हिशेब ही सर्व कामे ग्रामसभा पाहू लागली. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाने २०१२ मध्ये मिळालेल्या सु. १९३ हेक्टर उजाड वनजमिनीवर झाडे वाढविली व तेथील सीताफळांची विक्री सुरू केली.

नवी व्यवस्था आल्यावर जुनी लगेच संपली नाही. अनेक ठिकाणी एकाच वनावर ग्रामसभेचा हक्क व संयुक्त समितीचा करार, असे दुहेरी अधिकार निर्माण झाले. २०१४ मध्ये महाराष्ट्राने १९२७ च्या अधिनियमातील कलम २८ नुसार ग्रामवनांचे नियम केले. ब्रँडिस यांनी पुरस्कारलेली व सव्वाशेहून अधिक वर्षे पडून राहिलेली कल्पना अशा रीतीने अमलात आली. पण तोवर गावांकडे अधिक बळकट हक्क आलेला असल्यामुळे ती वादग्रस्त ठरली.

मूल्यमापन : संयुक्त वनव्यवस्थापनाने ऱ्हास पावलेली वने थोड्या खर्चात पुन्हा उभी राहू शकतात, हे निर्विवाद दाखविले. गावकरी व वनखाते यांच्यातील वैर अनेक ठिकाणी निवळले. परंतु त्याच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. पहिली मर्यादा अशी, की वन बंद करण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या शेतात सरपण व कडबा आहे त्याची अडचण होत नाही. मोळी विकणाऱ्या स्त्रीची त्याच दिवसापासून मिळकत थांबते. तिला दूरच्या, न राखलेल्या वनात जावे लागते किंवा आपल्याच गावाच्या राखणदाराकडून दंड सोसावा लागतो. स्त्रिया, धनगर व फिरस्ते पशुपालक यांना नियम ठरविणाऱ्या सभेत बहुधा स्थान नव्हते. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी या प्रकारास ‘सहभागातून होणारे वर्जन’ म्हणून ओळखले आहे. दुसरी मर्यादा अधिकारांच्या असमतोलाची. वनखाते समिती स्थापू शके व बरखास्तही करू शके. मात्र वनखात्याने वचन मोडल्यास दाद मागण्याचे साधन समितीकडे नव्हते. परकीय साहाय्याचे प्रकल्प संपल्यावर अनेक समित्या निष्क्रिय झाल्या, कारण त्या वनासाठी नव्हे, तर निधीसाठी स्थापन झालेल्या होत्या. तिसरी बाब अनपेक्षित होती. नैर्ऋत्य बंगालमध्ये सालवने वाढल्यावर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दलमा टेकड्यांतील हत्तींचे कळप तेथे येऊ लागले आणि वन राखणाऱ्यांच्याच भातशेतीची नासाडी होऊ लागली.

शेजारच्या नेपाळशी तुलना उद्बोधक आहे. १९५७ मध्ये तेथील खाजगी वनांचे राष्ट्रीयीकरण झाले व राखणीची जुनी बंधने सैल पडली. १९७८ च्या नियमांनी ग्रामपंचायतींना आणि १९९३ च्या अधिनियमाने प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांच्या समूहांना वने सोपविण्यात आली. हे समूह स्वतंत्र कायदेशीर संस्था आहेत. त्यांची संख्या २२,००० च्या वर गेली. मध्य टेकड्यांतील अनेक ठिकाणी वनाच्छादन वाढले.

कुमाऊँ, आराबारी, सुखोमाजरी व मेंढा (लेखा) यांचा अनुभव एकत्र पाहिल्यास काही समान गोष्टी दिसतात. वनाच्या सीमा व ती राखणारे कोण हे गावाला निश्चित माहीत असावे लागते; लाभ लवकर मिळावा व गरिबातील गरिबापर्यंत पोहोचावा लागतो; नियम मोडणाऱ्यास गावाने स्वतः दंड करता आला पाहिजे आणि ठरलेले वचन अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर बदलता कामा नये. साल किंवा बांबू मुळापासून पुन्हा फुटतो. त्याला राखणीची काही वर्षे मिळावी लागतात. ती वर्षे गावाने कोणत्या भरवशावर द्यावीत, हाच भारतातील लोकसहभागी वनव्यवस्थापनाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.